तांबडीच्या गळ्यातला पट्टा

बायकोला हे माहीत नाही. निदान माहीत नसावं, असं धरून मी पाच वर्षं चाललोय. मुलगी पुण्यात असते, तिला सांगायचा प्रश्नच नव्हता. मित्र म्हणावेत असे दोघेतिघे आहेत, त्यांच्यापुढं तर जीभच उचलली नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, एवढं बरं आहे. तरी लिहायला बसल्यापासून दोनदा उठून दार लागलंय का ते बघून आलो.

हा स्वभाव आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी संशयी माणूस आहे. बायको सांगते गॅस बंद केलाय, तरी मी स्वयंपाकघरात जाऊन बटन फिरवून बघतो. दूधवाल्याचं माप बघतो. विहिरीवरची मोटार सुरू करून गेलेला माणूस वळला, की मागून जाऊन स्टार्टर बघतो. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटीत होतो. दुसऱ्याच्या हातून आलेला प्रत्येक पार्ट चुकलेला आहे असं धरायचं, आणि मग तो बरोबर आहे का ते बघायचं, हेच काम. घरी येताना हा माणूस गेटवर सोडून यायचा असतो म्हणे. मला नाही जमलं. इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला आमची वस्ती आहे. नोकरी सुटल्यावर तिथं येऊन राहिलो, तर महिन्याभरात लोकांनी मला नाव पाडलं — चेकर. 'चेकर आले रे, मापं नीट धरा.' मी हसायचो. खरं सांगू? बरं वाटायचं.

माझ्या कुत्र्याचं नाव रॉकी. मोठं हाड, काळी पाठ, हडपसरहून पिल्लू असताना आणलेला. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुत्र्याला तो मानेलाच धरतो. म्हणून इकडं कुत्र्याच्या गळ्यात रुंद चामडी पट्टा घालतात, बाहेरच्या बाजूला खिळ्यांची टोकं काढलेला. रॉकीचा पट्टा मी शिरूरला एका कारागिरापुढं बसून करून घेतला होता. प्रत्येक खिळा ओढून बघितला होता. आतून खिळ्यांची डोकी मानेला घासतात, म्हणून घोंगडीचा जाड तुकडा अस्तरासारखा आत बसवायचा. तो तुकडा मला बिरामामांनी दिला होता. कोण बिरामामा, ते येईलच.

रोज दिवे लागायच्या सुमाराला मी रॉकीचा पट्टा तपासायचो. बक्कल, भोकं, कडी, साखळी, खुंटी. पट्ट्यात दोन बोटं गेली पाहिजेत, तिसरं जाता कामा नये. झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला टिक. कंपनीत चेकशीट असायची ना, तसं. वस्तीवरच्या सगळ्यांना मी हे शिकवत फिरायचो. कुणाचं कुत्रं सुताच्या दोरीनं बांधलेलं दिसलं, की मी थांबलोच. एकदा शेजारच्या आप्पांचं कुत्रं सुटून एका म्हातारीच्या पिंडरीला चावलं, तेव्हा ग्रामसभेत मीच उभा राहिलो. ज्याचं कुत्रं मोकळं सुटून नुकसान करील, त्यानं ते कुत्रं गावात ठेवायचं नाही — हे माझंच म्हणणं होतं आणि ते मंजूर झालं. आप्पांनी त्यांचं कुत्रं टेम्पोत घालून कुठंतरी लांब सोडलं. माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

आता बिरामामा. दिवाळी झाली की मामा दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरतात. रान मोकळं झालेलं असतं, त्यात मेंढरं बसवली की लेंडीचं खत पडतं. आमच्याकडं त्यासाठी मेंढपाळाला आग्रहानं बोलावतात. माझ्या दीड एकरात मामांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, आठ-दहा दिवस असायचा. मोठी मेंढरं रानाच्या पलीकडच्या टोकाला, वाघर म्हणजे जाळं लावून. कोकरं वेगळी, अलीकडं, माझ्या घराच्या बाजूला छोट्या जाळीत — घराजवळ म्हणून बिबट्याची भीती कमी. मामा आणि मामी पालात. दोन म्हातारी कुत्री मोठ्या मेंढरांशी, आणि त्या वर्षी एक नवी, दीड वर्षाची कुत्री कोकरांशी. रंगानं तांबडी, म्हणून नावही तांबडीच. मामांनी तिला तळहातावर वाढवली होती. कोकरांच्या जाळीला अंग लावून बसायची. तिला कधी बांधलेलं मी बघितलं नाही. मी मामांना बोललोसुद्धा, 'हिला बांधत का नाही?' मामा म्हणाले, 'बांधल्यावर राखन कोन करनार, आण्णा?'

आता मी जवळ आलोय. आणि बघा, लगेच मला त्या मंडळींचं जेवण कसं होतं ते सांगावंसं वाटतंय. मामी चुलीवर भाकरी कशा थापायच्या ते सांगावंसं वाटतंय. नको.

त्या आठवड्यात बायको माहेरी, केडगावला होती. तिच्या भाचीचं लग्न होतं. घरात मी एकटा. रविवारी मी रॉकीला धुतलं. अस्तराच्या तुकड्याला घाण वास येत होता, तो काढून धुतला आणि कुंपणाच्या तारेवर वाळत टाकला. पट्टा तसाच, त्याच भोकावर, परत बांधला. म्हटलं, संध्याकाळी तुकडा वाळला की घालू. घोंगडी लवकर वाळत नाही, सोमवारीही ओलीच होती. तुम्हाला कळलंच असेल. जाड तुकडा आतून निघाला, की पट्टा दोन भोकं सैल झाला. कुणीही बोटं घालून बघितली असती तर तीन काय, चार गेली असती.

मग मी बोटं घातली नाहीत का? रोज तपासणारा माणूस मी. रविवारी नाही तपासलं? सोमवारी नाही?

नाही तपासलं. आणि फक्त ते दोन दिवस नाही. तेव्हा सहा-सात महिने झाले असतील, मी पट्टा तपासतच नव्हतो. सोमवारी सकाळी चहा घेता घेता कॅलेंडरवर आठवड्याच्या सात टिका एकदम मारून टाकायचो. कधीपासून सुरू झालं आठवत नाही. रोज बघायचो, रोज ठीकच असायचं, मग कंटाळा आला. एवढंच. कंपनीत ह्याच गोष्टीवरून मी एका पोराला सुपरवायझरपुढं उभं केलं होतं. पुढची चेकशीट आधीच भरून ठेवली म्हणून. त्याला घरी बसवलं त्यांनी. त्याचं तोंड मला आठवतं, पण टिका मारताना कधी आठवलं नाही. वस्तीला भाषणं तशीच चालू होती बरं का. दोन बोटं, तिसरं नाही.

मंगळवारी सकाळी उजाडता उजाडता मी बाहेर आलो. रॉकी त्याच्या खुंटीजवळच बसलेला. पण साखळी वेगळी पडलेली, आणि साखळीच्या टोकाला पट्टा — बक्कल लावलेलं, बंद, आत मान नाही. मान मागं ओढून पठ्ठ्या निघाला होता, आणि फिरून जागेवर येऊन बसला होता. शेपूट हलवली त्यानं. मी जवळ गेलो. तोंड लाल. छातीचे केस चिकट झालेले. नाकावर एक ताजी, खोल चीर.

तेवढ्यात रानातून मामींचा आवाज आला.

तो मी ऐकला आणि मला सगळं समजलं. इथं कुणी म्हणेल, माणूस गडबडतो, सुचत नाही. मला फार व्यवस्थित सुचलं. मी आधी रॉकीला हौदाशी नेला आणि त्याचं तोंड धुतलं. छाती धुतली. नाकाच्या चिरेला हळद लावली, मग वाटलं, हळद दिसेल, म्हणून ती पुसली. तारेवरचा तुकडा काढला, पट्ट्यात बसवला, पट्टा त्याच्या गळ्यात घातला. आणि दोन बोटं घालून बघितली. तिसरं जात नव्हतं. सहा-सात महिन्यांनी मी पहिल्यांदा पट्टा तपासला, तो असा. मग चप्पल घालून रानात गेलो, काय झालं ते विचारायला.

पाच कोकरं. जाळी एका बाजूनं ओढलेली, आणि पाच कोकरं इकडंतिकडं पडलेली. नेलेलं एकही नाही, खाल्लेलं एकही नाही, नुसती फाडलेली. बाकीची सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून उभी होती आणि त्यांच्यापुढं तांबडी बसलेली. तिचा डावा कान मधोमध फाटला होता. तोंडाला रक्त होतं. एक कोकरू अजून थोडं धुगधुगत होतं, आणि ती त्याला चाटत होती. चाटून चाटूनच तिचं तोंड माखलं होतं. ते मला दिसलं. कान कुणी फाडला आणि रॉकीच्या नाकावर चीर कुणाची, हेही दिसलं. तिनं त्याला एकटीनं अडवला होता. नाहीतर कोपऱ्यातलं एकही वाचलं नसतं.

वस्तीवरची माणसं जमली. सगळे बिबट्याचं म्हणत होते. मामाही तेच म्हणत होते, डोक्याला हात लावून बसले होते. उन्हं वर आली तसा वनखात्याचा गार्ड आला. त्यानं जखमा बघितल्या, माती बघितली, आणि म्हणाला, हा बिबट्या नाही. बिबट्या एक धरतो आणि उचलून नेतो. हे कुत्र्याचं काम आहे.

वस्तीवर कुत्री किती, सगळ्यांना ठाऊक. आप्पांचं तर माझ्यामुळं गेलेलंच. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला. मला वाटलं, सगळे माझ्याकडंच बघतायत. आप्पा तर नक्की बघत होते. कुणी काही बोलायच्या आत बोललं पाहिजे, असं मला वाटलं. आणि मी बोललो. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळं एका बाजूला ठेवा आणि हे एक वाक्य एका बाजूला. मी म्हणालो, 'मामा, तुमच्या ह्या नव्या कुत्रीच्या तोंडाला रक्त कसलं हो?'

विचारल्यासारखं विचारलं. साधं. चौकशी केल्यासारखं.

मामांनी वळून तिच्याकडं बघितलं. मामी म्हणाल्या, 'न्हाई वो, ती चाटतिया.' कुणीतरी म्हणालं, पण कान कसा फाटला मग? तेव्हाही मीच म्हणालो, कुंपणाच्या तारेत अडकला असंल, पळताना. इतकं सहज म्हणालो, की माझं मलाच खरं वाटलं. आप्पांनी मात्र विचारलं. हळूच विचारलं, 'चेकर, तुमचा रॉकी?' मी म्हटलं, या की, बघा. सगळ्यांना घेऊन घरी आलो. रॉकी बांधलेला. गळ्यात पट्टा, आत अस्तर, दोन बोटं. मग मी आत जाऊन कॅलेंडर काढून आणलं आणि सोमवारच्या तारखेवर बोट ठेवलं. टिक होती. खाली माझी सही होती. मंगळवार, बुधवार, थेट रविवारपर्यंतच्या टिकाही होत्या हो, सगळ्या माझ्या अंगठ्याखाली. अंगठा इतका दाबून धरला होता की कागद घामानं ओला झाला. मामांना वाचता येत नाही. त्यांनी त्या टिकेकडं बघितलं आणि म्हणाले, 'न्हाई आण्णा, तुमच्यावर कोन शंका घील.'

तरी एक गोष्ट मला पाच वर्षं सोडत नाही. जाता जाता मामा कुंपणापाशी थांबले होते. तारेवर हात ठेवून. घोंगडीचा तुकडा जिथं वाळत होता, बरोबर तिथं. दोन दिवस ते येताजाता तो तुकडा तारेवर बघत होते, त्यांनीच दिलेला. आता तो तिथं नव्हता. त्यांच्या लक्षात आलं? की नुसतेच टेकले होते, पाय दमले म्हणून? त्यांच्या प्रत्येक बोलण्यात मी तेव्हापासून ते शोधत आलोय. 'काय आण्णा, बरं हाय ना' म्हणाले तरी मला वाटायचं, ह्यात काहीतरी आहे. बायकोचंही तसंच. बुधवारी आली, रॉकीच्या नाकाकडं बघितलं, म्हणाली, ह्याला काय लागलं. मी म्हटलं, मांजर. ती 'हं' म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ मी अजून लावतोय.

कोकरांना दात लावलेलं कुत्रं मेंढपाळ ठेवत नाही. ठेवूच शकत नाही, त्यांच्यात तो नियम माझ्या नियमापेक्षा जुना आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तांबडीला सुंभाच्या दोरीनं बांधून माझ्या अंगणात घेऊन आले. मला वाटलं, मारायला घेऊन चाललेत आणि मला सांगायला आलेत. पण त्यांना ते जमत नव्हतं. म्हणाले, 'आण्णा, तळहातावर वाढवल्याली हाय. माझ्या हातून व्हनार न्हाई. तुमच्याइतकं बांधून ठिवायला कुनाला जमतंय? हिला तुमच्याकडं ठिवा. पर सुटू दिऊ नका. मेंढरामागं आली तर पुन्हा खाईल.'

मी हो म्हणालो. तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

मी तिच्यासाठी नवा पट्टा आणला. लोक म्हणाले, आण्णाचं मन मोठं आहे. बायकोलाही बरं वाटलं. आणि ऐका, त्या दिवसापासून मी खरंच तपासायला लागलो. कॅलेंडर बंद, टिका बंद. रोज संध्याकाळी आधी रॉकी, मग तांबडी. बक्कल, भोकं, कडी, साखळी, खुंटी. एक दिवस चुकवला नाही. ताप असतानाही उठून गेलो. मी बोटं घालायला वाकलो, की ती माझं मनगट चाटायची. रॉकीकडं मात्र ती कधी पाठ करून झोपली नाही. त्याच्याकडं तोंड करूनच झोपायची, फाटका कान खाली घेऊन. जन्मात दोरी न बघितलेली कुत्री ती. दोन महिन्यांत मानेभोवतीचे केस झडून गोल टक्कल पडलं. रस्त्यानं कुणाचीही मेंढरं गेली, घुंगरांचा आवाज आला, की उभी राहायची आणि साखळी ताणून धरायची. आवाज बंद झाला तरी तशीच उभी.

आता खरं सांगतो. वर जे सांगितलं ते भित्रेपणाचं होतं, ते एकवेळ तुम्ही समजून घ्याल. हे त्याच्या पुढचं आहे.

पुढच्या वर्षी मामांचा वाडा आला आणि माझ्याच रानात बसला. तांबडीनं त्या दिवशी पाणीसुद्धा पिलं नाही. कोकरं ओरडायची आणि ती रडायची. कुत्रं रडतं ते तुम्हाला माहीत आहे. बायको म्हणाली, 'अहो, एकदा सोडून बघा की. आपण उभं राहू काठी घेऊन. एका वर्षात शहाणी झाली असंल.' मी तांबडीजवळ गेलो. बक्कलाला हात घातला. जीभ भोकातून अर्धी काढलीसुद्धा. आणि थांबलो.

मी कशाला भ्यालो, सांगू? ती कोकरांना धरेल, याला नाही. ती धरणार नाही, याला भ्यालो. ती जाईल, जाळीला अंग लावून बसेल, सकाळपर्यंत एका कोकराला ओरखडा येणार नाही, आणि मग मामा म्हणतील, ही तर खात न्हाई. मग त्या दिवशी कुणी खाल्ली? हा प्रश्न उठू नये म्हणून ती बांधलेली असणं मला गरजेचं होतं. मी बक्कल परत लावलं. उलट एक भोक आवळलं. बायकोला म्हणालो, भलतं धाडस नको. त्यानंतर रोज संध्याकाळी मी जो पट्टा तपासायचो, तो यासाठी तपासायचो. वस्ती म्हणायची, काळजी घेतो. काळजी घेतच होतो. माझी.

चार वर्षं. रॉकी मधल्या काळात म्हातारा होऊन, पोटभर खाऊन, उन्हात पडल्या पडल्या मेला. त्याला आंब्याखाली पुरला. तो गेल्यावर तरी सांगायचं होतं, नाही का? आता कुणाला गावाबाहेर सोडायचं राहिलं नव्हतं. मीही तसंच म्हणालो होतो स्वतःशी, रॉकी जाऊ दे, मग सांगतो. गेला. नाही सांगितलं. तांबडीचा पट्टाही नाही काढला.

मामा दरवर्षी यायचे. अंगणाच्या कडेला, लांब, उभे राहायचे आणि तिथूनच विचारायचे, 'पट्टा नीट हाय न्हवं?' मी म्हणायचो, नीट आहे. ती नुसती वेडी व्हायची. साखळीच्या टोकाला दोन पायांवर उभी राहून कुईकुई करायची, जमिनीला पोट लावायची. मामा जवळ जायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, जा की, हात फिरवा. मामांचं तोंड कडू झालं. 'न्हाई,' म्हणाले, 'तिनं लेकरं खाल्ली माझी.' आणि वळून गेले.

यंदा श्रावणात तांबडी गेली. गोचिडताप झाला, शिरूरहून डॉक्टर आणला, सलाइन लावलं, पण नाही टिकली. शेवटच्या दिवशी मी तिचा पट्टा काढला होता. ती उठून कुठं गेली नाही.

दिवाळीनंतर मामा आले. गेल्या वर्षी मामी वारल्या, तेव्हापासून ते खचलेले आहेत, पुतण्याबरोबर येतात. सकाळची वेळ होती. अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि खुंटी रिकामी दिसली. मी सांगितलं. ते चार वर्षांत पहिल्यांदा अंगणात आत आले आणि खुंटीपाशी खाली बसले. साखळीनं घासून जमीन तिथं गोल गुळगुळीत झालीय, तिच्यावर हात फिरवत राहिले. बायकोनं चहा आणला, तो तसाच ठेवला.

मग म्हणाले, 'चार वर्सं मी तिला शिवलो न्हाई, आण्णा. एकदा बी. ती किती करायची, तुम्ही बघितलंय. मी म्हनायचो, खाल्लीस, आता भोग. तुमची मामी मरस्तवर म्हनत हुती, चाटत हुती वो ती, चाटत हुती. मी ऐकलं न्हाई.' खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी डोळे पुसले आणि मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. मी शोधला, नव्हता. म्हाताऱ्या माणसाला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

'आण्णा, तिनंच खाल्ली असतील न्हवं?'

बायको दारात उभी होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. रॉकी नव्हता, तांबडी नव्हती, आप्पासुद्धा कधीचं सगळं विसरले होते. एक शब्द बोलायचा होता. समोर बसलेला माणूस माझ्या बापाच्या वयाचा होता आणि रडत होता.

मी म्हणालो, 'व्हय मामा. तिनंच.'